टीबीचे वाण, डीएनएचे ठसे आणि ‘कुणापासून लागला?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. इंदुरातल्या एका प्रयोगशाळेत टीबीच्या जंतूंचा डीएनए काढण्यात माझी बरीच वर्षे गेली. लोकमान्यनगरात हळदीकुंकवाला गेले तरी कोणीतरी बाजूला घेऊन रिपोर्ट दाखवतेच. एका हाताने संक्रांतीचे वाण घ्यायचे आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर टीबीच्या वाणाची चौकशी करायची, असा तो प्रकार. तेच प्रश्न इथे लिहिले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. औषध कोणते घ्यायचे ते तुमचे डॉक्टर सांगतील; ती बाजू माझी नाही.

टीबी तो टीबी. त्यात आणखी वाण कसले?

छावणीच्या मंडीत गहू एकच, तरी लोकवन वेगळा आणि शरबती वेगळा. पोळी लाटणारीच्या हाताला तो फरक कळतो. टीबीच्या जंतूचे तसे नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडला. आज आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो कुठलाही असो, सारखाच दिसतो: निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या. झाबुआच्या रुग्णाची काडी आणि जपानच्या रुग्णाची काडी शेजारी ठेवली तर मलाही सांगता येणार नाही कोणती कुठली.

फरक असतो तो डीएनएत, आणि तोही थोडा. कोणत्याही दोन टीबी जंतूंचा डीएनए ९९.९ टक्क्यांहून जास्त सारखा भरतो. बाकीचे बरेच जीवाणू एकमेकांशी जनुकांची देवघेव करतात. हा जवळजवळ करत नाही. आईचे ते लेकीला, लेकीचे नातीला. फक्त नक्कल उतरवताना क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत जशीच्या तशी उतरते. आपल्या कुलवृत्तांतासारखे आहे हे. एका आवृत्तीत खापरपणजोबांचे नाव चुकीचे छापले की पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तीच चूक, आणि कोणाच्या घरी तीच चूक असलेली वही सापडली की समजावे, ही त्याच आवृत्तीवरून उतरवली आहे. आमचे सगळे शास्त्र एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे.

घराणी किती, आणि आपल्याकडे कोणते?

लिनिएजला, म्हणजे एका पूर्वजापासून उतरलेल्या जंतूंच्या शाखेला, मी घराणे म्हणते. माणसाला होणाऱ्या टीबीची बरीच वर्षे सात घराणी मोजली जात. २०२० मध्ये आठवे आणि २०२१ मध्ये नववे जाहीर झाले, दोन्ही आफ्रिकेतली. पाचवे आणि सहावे पश्चिम आफ्रिका सोडून फारसे बाहेर पडत नाहीत, सातवे इथिओपियाच्या आसपास. आपल्या कामाची पहिली चार. पहिले घराणे हिंदी महासागराच्या काठाकाठाचे, म्हणजे दक्षिण भारत आणि आग्नेय आशिया. दुसरे पूर्व आशियाचे; ‘बीजिंग स्ट्रेन’ (स्ट्रेन म्हणजेच वाण) म्हणून वर्तमानपत्रात येतो तो यातलाच. तिसरे उत्तर भारत, पाकिस्तान, मध्य आशिया. चौथ्याला युरो-अमेरिकन म्हणतात, पण ते सगळीकडे आहे.

उत्तर भारतात तिसऱ्याचे वर्चस्व आणि दक्षिणेत पहिल्याचे. माळवा या दोघांच्या वाटेवर बसला आहे. मुंबई-आग्रा रस्ता इंदुरातूनच जातो, आणि झाबुआ-अलीराजपूरची माणसे दरवर्षी मजुरीला गुजरातेत जाऊन पावसाळ्याआधी परततात. जंतूला वेगळे तिकीट लागत नाही.

नावांचा एक घोळ मात्र आधीच सांगून ठेवते. जुन्या पद्धतीत ‘ईस्ट आफ्रिकन इंडियन’ म्हणजे पहिले घराणे. नव्या पद्धतीत हेच नाव तिसऱ्या घराण्याला चिकटवले आहे. जुना शोधनिबंध आणि नवा शोधनिबंध शेजारी ठेवून वाचणारे विद्यार्थी इथे हमखास फसतात. मीही फसले होते.

माझ्या सीबीनॅट रिपोर्टवर ‘एमटीबी डिटेक्टेड’ लिहिले आहे. त्यावरून स्ट्रेन कळतो का?

नाही. सीबीनॅट, म्हणजे जीनएक्सपर्टचे यंत्र, दोन तासांच्या आत दोन गोष्टी सांगते: टीबीचा जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देईल का. त्यासाठी ते आरपीओबी नावाच्या जनुकातला ८१ अक्षरांचा एक तुकडा पाहते. जंतूचा सगळा डीएनए ४४ लाख अक्षरांचा. ४४ लाखांतली ८१ वाचून घराणे कसे कळणार? गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट किंवा पट्ट्यांवर रेघा उमटवणारी एलपीए चाचणी, यांचेही काम तेवढ्याच मर्यादेतले आहे. उपचार सुरू करायला तेवढे पुरते.

यातून एक गैरसमज निघतो तो खोडायला हवा. शेजारच्या दोन घरांत दोन रुग्ण, दोघांच्या रिपोर्टवर ‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स’, की लगेच निष्कर्ष: एकाचा दुसऱ्याला लागला. असेलही. पण रिफाम्पिसिनला दाद न देण्यासाठी जंतूला सोयीचे बदल मोजकेच आहेत. त्यातला ४५० क्रमांकाच्या जागचा बदल (जुन्या पुस्तकांत तो ५३१ म्हणून सापडेल) जगभरात असंख्य जंतूंत स्वतंत्रपणे, एकमेकांशी काही संबंध नसताना घडलेला आहे. दोघांच्या पायात बाटाचा सात नंबरचा जोड दिसला म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

मग स्ट्रेन ओळखतात तरी कसा?

डीएनएच्या ठशावरून. ठसा घ्यायच्या चार पद्धती, आणि चारही मला हाताळायला मिळाल्या, कारण माझी नोकरी नेमकी या बदलांच्या काळात झाली.

सर्वांत जुनी आयएस६११०. हा डीएनएचा सुमारे १,३५५ अक्षरांचा एक तुकडा, स्वतःची नक्कल करून जंतूच्या डीएनएत इकडे तिकडे जाऊन बसणारा. कुणात पाच ठिकाणी, कुणात पंधरा, कुणात वीसच्या वर. डीएनए एका विकराने (एन्झाइमने) कापायचा, जेलवर पसरवायचा आणि हा तुकडा कुठे कुठे आहे त्याच्या रेघा पाहायच्या. १९९३ मध्ये याची जगभरासाठी एक प्रमाण पद्धत ठरली. युरोप-अमेरिकेत ती सोन्यासारखी चालली. आपल्याकडे अडचण अशी की पहिल्या घराण्याच्या कितीतरी जंतूंत हा तुकडा एकदाच असतो, काहींत मुळीच नसतो. सगळ्यांची एकच रेघ, मग ओळखायचे कशावरून? शिवाय डीएनए भरपूर लागतो, म्हणजे आधी कित्येक आठवडे जंतू वाढवत बसा.

मग १९९७ मध्ये स्पोलिगोटायपिंग आले. जंतूच्या डीएनएत एका ठिकाणी ३६ अक्षरांचे तेच ते पालुपद येते आणि दोन पालुपदांच्या मध्ये दर वेळी वेगळा तुकडा असतो. असे ४३ तुकडे निवडून एका पडद्यावर रांगेने चिकटवलेले असतात. रुग्णाच्या जंतूत जो तुकडा आहे तिथे काळा चौकोन उमटतो, नाही तिथे जागा कोरी. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना ते चौकोन हळूहळू वर येत, तो क्षण मला अजून आवडतो. सरावाने नुसत्या नजरेने घराणे कळते. १ ते ३४ कोरे आणि फक्त शेवटचे नऊ काळे, तर बीजिंग. ४ ते ७ आणि २३ ते ३४ कोरे, तर कॅस, म्हणजे आपले उत्तर भारतीय तिसरे घराणे. पडदा धुऊन पुन्हा वापरता येतो, म्हणून स्वस्तही.

पण स्पोलिगो म्हणजे आडनाव. इंदुरात ‘कुलकर्णी’ म्हणून हाक मारलीत तर अर्धा रामबाग वळून पाहील. आमच्याकडच्या जंतूंतले कुलकर्णी म्हणजे एसआयटी २६ हा चौकोनांचा नमुना, कॅस-१ दिल्ली. दोन रुग्णांत एसआयटी २६ सापडला तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. आणखी एक: हे तुकडे गळतात, पण गळलेला परत येत नाही. तेव्हा दोन वेगळ्या घराण्यांत योगायोगाने तेच तुकडे गळून चेहरे सारखे दिसू शकतात.

तिसरी मिरू-व्हीएनटीआर. डीएनएत काही ठिकाणी एकच तुकडा पाठोपाठ किती वेळा आला आहे ते मोजायचे. आधी १२ जागा मोजत. २००६ पासून २४ जागांचा प्रमाण संच आहे. उत्तर म्हणजे २४ आकड्यांची रांग, कोणत्याही प्रयोगशाळेला फोनवर वाचून दाखवता येईल अशी. आडनावाला गाव जोडल्यासारखे होते. एखाद्या रुग्णात दोन जंतू एकदमच असतील तर काही जागांवर दोन-दोन आकडे दिसतात, हा आणखी एक फायदा.

आणि चौथी, सगळा जीनोम वाचणे. यात कुलवृत्तांत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत समोर येतो. १९९८ मध्ये एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनचा पूर्ण डीएनए वाचून झाला. हा स्ट्रेन मुळात १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका सॅनेटोरियममधल्या रुग्णाकडून मिळालेला. आज इंदूरच्या रुग्णाच्या जंतूची अक्षरे त्या जुन्या रुग्णाच्या जंतूशी ताडून पाहतात, आणि कुठे कुठे अक्षर वेगळे आहे ते मोजतात. त्या एकेका अक्षराच्या फरकाला स्निप म्हणतात. पूर्ण म्हटले तरी साधारण दहावा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो. पीई-पीपीई नावाच्या जनुकांत इतकी पुनरुक्ती आहे की छोट्या तुकड्यांत वाचणाऱ्या यंत्राला कोणता तुकडा कुठला ते ठरवता येत नाही.

‘क्लस्टर’ म्हणजे काय?

ज्यांच्या जंतूंचा ठसा जुळला ते सगळे एका क्लस्टरमध्ये. अर्थ असा लावतात की त्यांच्यात अलीकडच्या काळात लागण झालेली असावी. ज्याचा ठसा कुणाशीच जुळत नाही त्याचा टीबी बहुधा जुन्या, शरीरात झोपून राहिलेल्या जंतूतून उठलेला.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला सॅन फ्रान्सिस्कोचा अभ्यास या विषयातला पहिला मोठा धक्का होता. ४७३ रुग्ण, त्यातले १९१ मिळून ४४ क्लस्टरमध्ये. प्रत्येक क्लस्टरमधला एक जण उगम मानून वजा करायचा अशी रीत आहे: १९१ मधून ४४ गेले, राहिले १४७. म्हणजे ४७३ पैकी ३१ टक्के. तोपर्यंत समजूत अशी होती की श्रीमंत देशातला टीबी म्हणजे बहुतेक म्हाताऱ्यांचा जुना टीबी डोके वर काढतो तो. इथे जवळजवळ एक तृतीयांश ताजा निघाला. आणि नेहमीसारखी चौकशी करून, ‘कुणाकुणाला भेटलात’ विचारून, त्या १९१ पैकी फक्त १० टक्क्यांचे धागे सापडले होते. बाकीचे एकमेकांचे नावही सांगू शकत नव्हते.

हीच पद्धत आपल्याकडे लावताना डोके ठिकाणावर ठेवावे लागते. इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात नमुने येतात धार, झाबुआ, खरगोन, बडवाणीहून. गुंतागुंतीचे रुग्ण इथेच पाठवले जातात. त्या नमुन्यांवर काढलेला क्लस्टरचा आकडा इंदूर शहराबद्दल फार थोडे बोलतो, रेफरल कुठून येते ते मात्र नेमके सांगतो. भंवरकुआंच्या हॉस्टेलमधला मुलगा खाजगी डॉक्टरकडे गेला, त्याचा नमुना अभ्यासात आलाच नाही, तर त्याच्यापासून लागण झालेल्या खोलीमित्राचा ठसा ‘एकटा’ दिसणार. शोधनिबंधात ‘युनिक’ असा शब्द येतो तेव्हा मी मनात म्हणते, याचा जोडीदार आमच्या फ्रीजरमध्ये नाही, एवढेच.

सुनेकडून आला की मुलाकडून? जीनोम वाचून सांगा ना.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी विचारणाऱ्याचे उत्तर आधीच ठरलेले होते. एक काकू आल्या होत्या. मुलाला टीबी, लग्नाला आठ महिने झालेले, सुनेच्या माहेरी कुणाला तरी पूर्वी टीबी होता. सुनेची ताट-वाटी त्यांनी वेगळी केली होती. सुनेला खोकलाही नव्हता. (टीबी हवेतून पसरतो. ताट-वाटीतून नाही. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.)

आता शास्त्र काय सांगते ते पाहा. टीबीच्या जंतूच्या जीनोममध्ये वर्षाला साधारण अर्धे अक्षर बदलते, म्हणजे दोन वर्षांत एक. २०१३ मध्ये इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या रुग्णांवरून ऑक्सफर्डच्या गटाने एक मोजमाप मांडले, ते आजही वापरतात: दोन जंतूंत ५ किंवा कमी अक्षरांचा फरक असेल तर अलीकडची लागण असण्याची शक्यता मोठी, १२ च्या वर असेल तर थेट लागण जवळजवळ नाही. आता मुलाच्या आणि सुनेच्या जंतूंत समजा एकाही अक्षराचा फरक निघाला नाही. मुलाने सुनेला दिला, सुनेने मुलाला दिला, की दोघांना तिसऱ्याच कुणाकडून मिळाला? तिन्ही गोष्टींत फरक शून्यच येईल. सहा महिन्यांत जंतूने बहुधा एकही अक्षर बदललेले नसते, मग दिशा कशावरून सांगायची?

नकार मात्र ही पद्धत ठणकावून देते. फरक दोनशे अक्षरांचा निघाला की त्या दोघांनी एकमेकांना दिलेला नाही, विषय संपला. माझ्या मते या सगळ्या महागड्या यंत्रसामग्रीचे सर्वांत भरवशाचे वाक्य हेच: ‘याच्याकडून नाही.’

हे वाक्य वाटते त्यापेक्षा जास्त वेळा ऐकू येते. केपटाउनजवळच्या, टीबीचे प्रमाण फार मोठे असलेल्या एका वस्तीत ठसे घेऊन हिशोब केला तेव्हा एकूण लागणीपैकी घरात झालेली लागण १९ टक्केच निघाली. एकाच छपराखालच्या दोन रुग्णांचे जंतूही बरेचदा वेगळे होते. बाकीची लागण बाहेरची: बस, कामाची जागा, दारूचा गुत्ता. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या एका गावात मिरूने सगळ्या रुग्णांना एकाच साथीत बसवले होते. २०११ मध्ये पूर्ण जीनोम वाचल्यावर तिथे दोन वेगळ्या साथी शेजारी शेजारी चालू होत्या असे दिसले, आणि ज्याला सुरुवात मानले होते तो सगळ्यांची सुरुवात नव्हताच.

म्हणून घरच्यांची तपासणी टाळायची असे मात्र नाही हं. रुग्णाबरोबर राहणाऱ्याचा स्वतःचा धोका मोठाच असतो. घरातल्यांची तपासणी आणि प्रतिबंधक औषध ठशाची वाट न पाहता सुरू होते. काकूंच्या घरी ती झाली तेव्हा फोटोत जुना डाग निघाला तो काकूंच्याच फुप्फुसात. त्यावरूनही कुणी कुणाला दिला ते ठरत नाही. ते मी त्यांना दोनदा समजावले, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचे ताट वेगळे केले होते.

बरा झालेला टीबी पुन्हा उलटला. जुनाच की नवा?

इथे ठसे खरोखर उपयोगी पडतात, अट एकच: पहिल्या वेळचा जंतू कुणीतरी जपून ठेवलेला हवा. दोन्ही ठसे जुळले तर जुनाच जंतू उरला होता. वेगळे निघाले तर बाहेरून दुसरा आला. १९९९ मध्ये केपटाउनच्याच १६ रुग्णांत हे तपासले, त्यात १२ जणांचा जंतू वेगळा निघाला. त्याआधी वैद्यकाच्या पुस्तकांत पुन्हा झालेला टीबी म्हणजे जुनाच उठला, असे सर्रास धरत. चेन्नईच्या अभ्यासात चित्र दोन भागांत दिसले: एचआयव्ही नसलेल्यांत बहुतेकदा जुनाच जंतू, एचआयव्ही असलेल्यांत बहुतेकदा नवा.

‘गोळ्या नीट घेतल्या नसतील’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडावर फेकण्याआधी एवढे आठवावे.

प्रयोगशाळा चुकते का?

चुकते. मी शिकाऊ असताना जिथे काम करत होते तिथली गोष्ट. एका आठवड्यात चार कल्चर (म्हणजे माध्यमावर जंतू वाढवून केलेल्या तपासण्या) पॉझिटिव्ह आले. एका रुग्णाच्या बेडक्यात जंतूच जंतू, स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरची तपासणी, तीन प्लस. बाकी तिघांचा स्मिअर निगेटिव्ह, आणि वाढही नळीत जेमतेम एक-दोन ठिपके. स्पोलिगो केला, चौघांचा एकच: एसआयटी २६. साहेब म्हणाले, हे तर कुलकर्णी आहेत, यात काय विशेष? मग मिरूच्या चोवीस जागा मोजल्या. चोवीसच्या चोवीस जुळल्या. तेव्हा कुठे कोणीतरी नोंदवही उघडली. चौघांचे नमुने एकाच सकाळी, लागोपाठच्या क्रमांकाने प्रक्रियेला घेतलेले, पहिला त्या तीन प्लसवाल्याचा. नळ्यांत बफर, म्हणजे नमुने धुण्याचे द्रावण, ओतायची बाटली एकच होती आणि तिचे तोंड नळीला टेकत होते.

त्या तिघांतल्या एका आजोबांना, टीबी नसताना, तोपर्यंत तीन आठवडे औषध चालू होते. काविळीवर आले होते बिचारे. त्यानंतर आम्ही बफर प्रत्येक नमुन्याला वेगळ्या छोट्या बाटलीत भरून ठेवू लागलो. खर्च वाढला म्हणून वरून विचारणाही झाली.

लोकांना वाटते ठसे घ्यायचे ते रुग्णांवर नजर ठेवायला. मला विचाराल तर पहिली नजर प्रयोगशाळेवरच ठेवावी.

कल्चरला सहा-आठ आठवडे का लागतात? आजच्या काळात?

कारण जंतूला घाई नाही. पोटातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला सुमारे अठरा ते चोवीस तास लागतात.

त्याचे जेवणही खटाटोपाचे. लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम अंड्यांपासून बनते. आमच्या घरी अंडे उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर अंड्यांचे दोन ट्रे. साबणाच्या पाण्याने घासायची, स्पिरिटने पुसायची, एकेक फोडून वास घेऊन मगच मोठ्या भांड्यात टाकायची, घुसळून जाळीच्या कापडातून गाळायची. त्यात क्षार, ग्लिसरीन आणि मॅलाकाइट ग्रीन. हा हिरवा रंग बाकीच्या जंतूंना दाबून ठेवतो. छोट्या बाटल्यांत भरून, आडव्या तिरप्या ठेवून, ८० ते ८५ अंशांवर घट्ट करायचे. थंड झाले की पिस्त्याच्या रंगाची तिरकी वडी तयार. आई विचारायची, आज ऑफिसात काय केलेस. मी म्हणायची, बर्फी.

त्यावर तीन-चार आठवड्यांनी फिकट पिवळसर, खरखरीत दाणे येतात, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे. सुईने उचलायला जावे तर रव्याच्या कोरड्या लाडवासारखा भुगा होतो. मग तो उष्णतेने मारून, पेशीचे मेणचट कवच रसायनांनी फोडून, शेवटी आयसोप्रोपेनॉल घातले की नळीत पांढरा धागा तरंगतो. तो डीएनए. एमजीआयटी या द्रव माध्यमात हे लवकर होते, पण निगेटिव्ह म्हणायला तिथेही ४२ दिवस थांबतात. थेट बेडक्यातून जीनोम वाचण्याच्या पद्धती आल्या आहेत. औषधांना दाद देण्याशी संबंधित ठरावीक जनुकेच वाचायच्या चाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने मान्यताही दिली आहे.

माझाही डीएनए वाचला जातो का? नाव कुठे जाते?

कल्चरमधून काढलेला डीएनए जंतूचाच असतो. थेट बेडक्यातून काढला तर त्यात तुमच्या पेशींचाही येतो, म्हणून माणसाचे तुकडे आधी गाळून टाकतात आणि उरलेले जंतूचे तेवढेच साठवतात. नळीवर क्रमांक असतो. जीनोम वाचणाऱ्याला नाव लागत नाही. २०१२ पासून टीबीची सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे, खाजगी डॉक्टरांनाही. ती नोंद निक्षय पोर्टलवर होते आणि ती उपचारासाठी असते.

दुधातून टीबी येतो का? तोही ठशावरून कळतो?

कळतो. गुरांचे जंतू याच कुळातले, पण त्यांच्या डीएनएतले काही ठरावीक तुकडे गळालेले असतात. वेल्लोरच्या नमुन्यांत शोध घेतला तेव्हा पुस्तकातला मायकोबॅक्टेरियम बोव्हिस नव्हे, तर ओरिजिस नावाचा त्याचा भाऊबंद मोजक्या रुग्णांत सापडला. दूध उकळूनच प्या. आपण उकळतोच म्हणा, सायीसाठी.

एवढे सगळे पैसे देऊन बाहेर करून मिळेल का?

स्ट्रेनचा ठसा रुग्णाला उपयोगाचा नाही, त्यासाठी खिशातून खर्च करू नका. औषधांना दाद देण्याची तपासणी वेगळी आणि ती सरकारी कार्यक्रमात फुकट होते. आपल्याकडे मनोरमाराजे टीबी रुग्णालय आहे, ज्याला सगळे इंदूर एमआरटीबी म्हणते. नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. आणि बोटातून रक्त काढून ‘टीबी आहे का’ सांगणारी अँटिबॉडीची चाचणी कोणी सुचवली तर उठून या. तिच्यावर २०१२ पासून बंदी आहे.

नमुना कसा द्यायचा? दोनदा परत पाठवला.

बहुधा तुम्ही थुंकी दिली. हवा असतो बेडका, ज्याला इथे सगळे बलगम म्हणतात. तोंडातला पाणचट फेस घेऊन आम्ही काय करणार? सकाळी उठल्यावर, चहा-पोह्यांच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरा. दोनदा खोल श्वास घेऊन सोडा, तिसऱ्यांदा श्वास भरून छातीतून खोकला काढा, घशातून नव्हे. घट्ट, पिवळसर, चमचाभर आला तरी पुरे. झाकण आट्यांवर नीट बसवा, डबीच्या बाहेर काही लागू देऊ नका. आणि हे न्हाणीघराचे दार लावून करू नका, गच्चीवर जा.